बिनमिरचीचे गोळे

दोन हजार तेवीस साल होतं आणि मी बहात्तर वर्षांचा होतो. त्या साली मी जल्मात पहिल्यांदा मिरची न घालता मटण शिजवलं. असं होणार म्हणून कुणी आधी सांगितलं असतं, तर मी त्याला येड्यात काढलं असतं.

माझं शिक्षण तिसरी, आणि त्यातलंबी निम्मं वर्ष ढोरांमागं गेलं. पण बिडकीनच्या आजूबाजूच्या दहाबारा गावांत कंदुरी असली, म्हणजे पीराला नवसाचं बोकड कापून गावजेवण असलं, की बोलावणं मला यायचं. कंदुरीचं मटण आमच्याकडं गडीमाणसंच शिजवतात, बायांनी नुसत्या भाकरी थापायच्या. पाच-पाच बोकडांचा रस्सा मी एकट्यानं उतरवलाय. तर्री अशी यायची की जेवणाऱ्याची बोटं दुसऱ्या दिवशीबी लाल. फुशारकी म्हणून सांगत नाय. हाय ते हाय.

त्या साली बायकोच्या पोटाचं आपरेशन झालं. जठराचा एक तुकडा काढला. डाक्टरनं सांगितलं, तिखट बंद, तेलकट बंद, चावायला लागंल असं काय द्यायचं नाय. त्यात हिरड्या आक्रसल्या आणि कवळी बसंना. मग पेज, मुगाचं पाणी, दुधात भिजवलेलं बिस्कीट. महिनाभर तिनं ते गिळलं आणि एक दिवस तोंडच मिटलं. चमचा जवळ नेला की ती भिंतीकडं वळायची.

दर सोमवारी दवाखान्यात वजन करायला न्यायचं. डाक्टर इचारायचा, जेवतात का? मी म्हणायचो, "जेवती की. सकाळी एक भाकर, संध्याकाळी एक." कशाची भाकर! पण आपलं माणूस उपाशी हाय असं परक्यासमोर म्हणायला माझी जीभ वळत नव्हती. काटा मात्र खोटं बोलंना. तिसऱ्या सोमवारी ती अडतीस किलो भरली. डाक्टर माझ्याकडं न बघता सुनेला म्हणाला, "पुढच्या सोमवारपर्यंत पोटात काही गेलं नाही तर नाकातून नळी घालू. आणि आजोबांचं मी आता धरणार नाही."

परत येताना रिक्षात बायको एवढंच बोलली, "नळी घातली तर उपसून फेकीन. सांगून ठिवते."

तो आठवडा मी बसलो म्हणून नाय. उस्मानपुऱ्यातलं आमचं घर दोन मजल्याचं, वर गच्ची. मी जिना चढायचो आणि वर काय काम नाय म्हणून उतरायचो. तिच्या खोलीच्या दारात जायचो, ती जागी असली तर मागं फिरायचो, झोपलेली असली तर छाती हलती का ते बघायचो. बुधवार गेला, गुरुवार गेला. शेजारचा म्हातारा पारावर बोलवायचा, तर मी काम हाय म्हणायचो. काम कसलं? मोजायचं. सोमवारला किती दिवस राहिले ते.

शनिवारी दुपारी सून मोबाइल घेऊन माझ्यापुढं उभी राहिली. ही माळकऱ्याच्या घरची लेक. तिच्या शब्दाखातर आमच्या घरात मटणाची भांडी वेगळी, शेगडी वेगळी, आणि ती गच्चीवर. लग्न होऊन वीस वर्षं झाली, पण गच्चीवर मटण चढलं की तिनं वर कधी पाय ठेवला नाय. मुलगा त्या आठवड्यात कंपनीच्या कामानं पुण्याला होता, म्हणून तिला माझ्याशीच बोलावं लागलं.

"मामा," ती म्हणाली. आमच्याकडं सून सासऱ्याला मामा आणि सासूला आत्याच म्हणते. "हे बघा. इटलीतलं सूप आहे. कीम्याचे मऊ गोळे करायचे आणि पातळ रश्श्यात शिजवायचे. चावायला लागत नाही. मिरची नाही."

"मिरची नाय तर मग घालायचं काय?"

"लसूण, टमाटे, पालक, थोडा पास्ता."

"हे आजाऱ्याचं जेवण झालं."

"आत्या आजारीच आहेत की, मामा."

मी टोपी काढली, झटकली, परत घातली. तेवढ्यात आतून आवाज आला. बायकोनं चार दिवसांत पाण्याशिवाय काय मागितलं नव्हतं.

"मटण हाय का त्यात?"

"आहे आत्या, कीमा."

"मग त्यांना म्हणावं करा. नुसते उभे राहू नका."

रविवारी सकाळी खाटीकवाड्यात गर्दी. माझा खाटीक तीस वर्षांचा ओळखीचा, मला चाचा म्हणतो. मी रांग सोडून पुढं गेलो. लोक कुरकुरले, मी ऐकलं नाय. म्हणलं, "भाई, अर्धा किलो कीमा. मांडीचा. चरबी थोडी राहू दे."

"क्या चाचा, आज कीमा? रस्सा नै?"

"बायकोसाठी. गोळे करायचेत."

त्यानं मटण धुतलं, फडक्यानं कोरडं केलं, मग यंत्रात घातलं. पुडी देताना हात धरला. "चाचा, धो के डाल्या मैं. घर जा के कीमा धोना नक्को. पानी पकडता, फिर गोले नै बनते."

मी मान हलवली. मान हलवायला काय लागतं? पण मनात म्हणलं, हा मला शिकवणार व्हय? कंदुरीत मी मटण तीन पाण्यांनी धुवायचो. चौथं पाणी निवळ आल्याशिवाय हंड्यात एक फोड जायची नाय. आणि आजारी माणसाच्या पोटात दुकानातला कीमा तसाच घालू? घरी आलो, गच्चीवर गेलो, बादली घेतली आणि धुतला. तीनदा धुतला.

मग येसर. येसर म्हणजे आमचं भाजलेलं पीठ, आमटी दाट करायला लागतं. सुनेच्या मोबाइलमधी पावाचा चुरा घाला म्हणलं होतं. पाव कशाला? ज्वारी, गहू, हरभऱ्याची डाळ, धने कढईत खमंग भाजले आणि खाली नेऊन मिक्सरला बारीक केले. नेहमी त्यात मूठभर लाल मिरच्या पडतात. त्या दिवशी वर आल्यावर मिरचीपुडीची बरणी मी उघडली आणि बंद केली. परत उघडली. एक चिमूट. एका चिमटीनं काय होतंय?

"मामा." सून जिन्याच्या दारात उभी होती. नाकाला पदर, हातात मोबाइल. "बरणी मला द्या."

"मी बघत होतो नुसता."

"द्या."

दिली. ती बरणी घेऊन खाली गेली नाय, तिथंच पायरीवर बसली. वीस वर्षांत पहिल्यांदा. तोंड पलीकडं करून वाचत होती आणि मी इकडं करत होतो.

"लसूण तेलात हलका तांबूस करा. काळा नको."

"मला लसूण परतायला शिकवतीस?"

"मोबाइल शिकवतोय, मामा. मी नुसती वाचते."

लसूण टाकला, टमाटे किसून टाकले, कोथिंबिरीच्या काड्या टाकल्या, पाणी ओतलं, मीठ घातलं. लाल दिसत होतं, पण ते टमाट्याचं लाल, पोरांच्या चित्रातल्यासारखं. खाली बायकोच्या खोलीतलं घड्याळ टोल देतं, त्यानं साडेदहा वाजवले. सांगायचं म्हणजे, तिला जी काय भूक लागायची ती अकराच्या सुमाराला. बाराची गोळी घेतली की ग्लानी, मग संध्याकाळपर्यंत काय नाय. म्हणजे माझ्या हातात तास-सव्वा तास होता, आणि दुसऱ्या दिवशी सोमवार.

कीम्यात येसर, लसूण, मीठ घालून मळलं. हाताला चिकट, गिळगिळीत लागलं. गोळे वळले तर बसके व्हायचे. तीन गोळे रश्श्यात सोडले. एक उकळी आली, आणि गोळे कुठं गेले कळलं नाय. नुसता चुरा वर आला, मातीच्या पाण्यासारखा.

मी पळी धरून उभा. सूनबाई पायरीवर मोबाइलात बोट फिरवत होती. मग म्हणाली, "मामा, इथं खाली एका बाईनं लिहिलंय, कीमा धुतला तर गोळे फुटतात. तुम्ही धुतला नाही ना?"

"नाय."

तिनं बोटानं बादली दाखवली. "मग बादलीतलं पाणी कुणी लाल केलं?"

मी बादलीकडं बघितलं नाय. म्हणलं, "धुतला. तीनदा धुतला. काय म्हणणं हाय?"

"काही नाही. अकराला दहा कमी आहेत."

ती आरडली असती तर बरं वाटलं असतं. मला भांडायला जागा मिळाली असती. खाटीक आठवला, त्यानं धरलेला हात आठवला. रविवारी अकराला त्याच्याकडं हाडंबी शिल्लक राहत नाय. दुसरा कीमा कुठून आणू? मी गच्चीच्या ह्या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत दोन चकरा मारल्या. सून म्हणाली, "मामा, फिरून पाणी निघणार नाही."

पाणी निघणार नाय. मग काढायचं. मी दोरीवरचं धुतलेलं उपरणं ओढलं. "अहो, ते नवीन आहे!" सून म्हणेपर्यंत मी सगळा कच्चा कीमा त्यात घातला. श्रीखंडाचा चक्का बांधतात तसा बांधला, पिळला. पाणी गळलं. अजून पिळला. माझ्या मनगटात आता जोर राहिला नाय. उपरणं ताटात ठेवलं, वर पाटा ठेवला आणि पाट्यावर मीच बसलो. सून पहिल्यांदा तोंड वळवून बघायला लागली आणि फसकन हसली.

"इटलीत असंच करतात का, मामा?"

"इटलीत म्हातारे कामाचे नसतील."

पाट्यावर बसलो तेवढंच काय ते त्या आठवड्यातलं बसणं. पण बसलो तरी पाय हलत होते. खालून बायकोचा आवाज आला, "झालं का नाय? का बोकड पाळायला गेले?" सून उठून जिन्यातून ओरडली, "झालंच आत्या, पाचच मिनिटं!" मला आतून हुरूपबी आला आणि भीतीबी वाटली. ती वाट बघत होती. आता पाच मिनिटांत नाय झालं तर ती भिंतीकडं वळणार.

कीमा सोडवला तर आकसून निम्मा झालेला, पण घट्ट. वरून मूठभर येसर अजून घातला, मळला, बोरांएवढ्या गोळ्या वळल्या. मोठ्या नाय. एक सोडली. उकळी आली. फुटली नाय. दुसरी सोडली. मग सगळ्याच सोडल्या. पास्ता आणलेला होता, पण तो शिजायला येळ लागंल म्हणून घरच्या शेवया मोडून टाकल्या, पालक चिरून टाकला. पहिल्या तीन गोळ्यांचा चुरा रश्श्यात मुरून गेला होता, त्यानं रस्सा दाट झाला. चाखून बघितला. जीभ मिरची शोधत राहिली. मिरची नव्हती, पण मटण होतं. कधी नाय ते मला नुसत्या मटणाची चव लागली. मिरचीखाली इतकी वर्षं काय झाकलं होतं, असं मनात आलं. आलं तसं मी ते झटकून टाकलं.

वाटी घेऊन घाईनं खाली आलो तर रस्सा बशीत सांडला. सुनेनं वाटी माझ्या हातातून घेतली. पदर नाकावरून खाली आला होता, तो तिनं परत घेतला नाय. खाटेवर बसली आणि चमच्यानं गोळी दाबून मोडली.

बायकोनं वास घेतला. माझ्याकडं बघितलं. "ह्याला मटण म्हणता व्हय?"

"इटलीचं हाय," मी म्हणलो.

"तिकडं मिरची मिळत नाय का?"

"आत्या, आधी खा, मग नावं ठेवा."

तिनं तोंड उघडलं. मला उभं राहवंना, मी व्हरांड्यात गेलो. परत आलो. तिनं गिळलं होतं आणि तोंड उघडंच ठेवलं होतं, पाखरासारखं. मी परत व्हरांड्यात गेलो. घड्याळानं साडेअकराचा एक टोल दिला, तोपर्यंत वाटी रिकामी झाली होती. आठ गोळ्या मी मोजल्या, चमच्याचा आवाज ऐकून.

आता पोटात राहतंय का? दुपारभर मी खाटेजवळ बादली घेऊन घुटमळत होतो. ती कूस वळली की मी बादली पुढं. शेवटी ती वैतागली. "अवो, जरा तिकडं जा की. मला ओकायला लावताय का काय?" चार वाजले, पाच वाजले, काय झालं नाय. सात वाजता तिनं आपणहून वाटी मागितली आणि पाच गोळ्या खाल्ल्या. राहिलेल्या रश्श्याचा टोप सुनेनं स्वतः खाली आणला आणि फ्रिजचा खालचा कप्पा रिकामा केला.

पण सोमवार उद्यावर आला होता. एका दिवसात वजन काय वाढणार? काटा तोच आकडा दाखवणार, कदाचित पाव किलो कमीच. आणि मी डाक्टरला सांगणार की काल हिनं तेरा गोळ्या खाल्ल्या. तीन सोमवार खोटं बोललेल्या माणसाचं तो चौथ्या सोमवारी खरं मानंल?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रस्सा गरम केला, स्टीलच्या डब्यात भरला, डबा फडक्यात गुंडाळला आणि बायकोला आणि सुनेला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. काट्यावर अडतीसच भरली. डाक्टर कागदावर नळीचं लिहायला लागला. मी त्याला ती खाती-बिती असं काय सांगितलं नाय. त्याच्या टेबलावरचे कागद बाजूला सारले, डबा उघडला, लसणाचा वास खोलीभर झाला. गोळी मोडून चमच्यात घेतली आणि बायकोला म्हणलं, "उघड." तिनं उघडलं. डाक्टर पेन हातात धरून बघत राहिला, मग उठून जवळ आला आणि तिनं गिळताना तिच्या गळ्याला दोन बोटं लावली.

"अजून एक द्या," तो म्हणाला.

मी दुसरी गोळी मोडली.