एक नमो मरिया उशीर

जगातल्या सगळ्या दुखण्यांचं मूळ उशीर हे आहे, असं छातीठोकपणे सांगणारी एकच व्यक्ती मला आयुष्यात भेटली, आणि ती माझी घरमालकीण निघाली. विरारजवळच्या गास गावात त्यांचं दुमजली घर आहे. वर मी आणि माझी बायको भाड्याने राहतो, खाली त्या राहतात, आणि तरीही हुकूम नेहमी खालून वर येतात. गावातल्या मराठी शाळेत त्यांनी उभी हयात खेळ शिकवले, त्यामुळे लहानथोर सगळे त्यांना टीचर म्हणतात. फादरही टीचर म्हणतात. मला त्या ‘अहो भाडेकरू’ अशी हाक मारतात. सुरुवातीला वाईट वाटलं होतं. पण त्यांनी आपल्या सख्ख्या भाच्याचं नाव ‘कॅनडा’ ठेवलेलं ऐकलं, आणि मी माझी तक्रार मागे घेतली.

टीचरांच्या गळ्यात एक काळी दोरी असते. नवा माणूस समजतो की खाली क्रूस असणार. क्रूस असतोच, पण त्याच्या सोबतीला शाळेचं स्टॉपवॉच असतं. निवृत्तीच्या दिवशी शाळेने शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ देऊ केलं, तेव्हा त्यांनी भर समारंभात सांगितलं, “घड्याळ राहू द्या, स्टॉपवॉच द्या. घड्याळ किती वाजले ते सांगतं, कोण उशिरा आलं ते सांगत नाही.” तेव्हापासून त्या स्टॉपवॉचने गावाला शिस्त लावली आहे. अंडी त्याच्यावर उकडतात. पाववाला त्याच्या धाकाने सायकल पळवतो. चर्चला टीचर जुन्या वळणाने देऊळच म्हणतात, आणि देवळात त्यांची जागा पहिल्या बाकावर. प्रवचन लांबलं की त्या काही बोलत नाहीत, नुसतं बटण दाबतात. त्या ‘टक्’ आवाजाला आमचे फादर जेवढे घाबरतात तेवढे बिशपांनाही घाबरत नसतील. गावातून जाणारी बस महिनाभर मनाला येईल तेव्हा येत होती, तर टीचर रोज स्टॉपवॉच घेऊन थांब्यावर उभ्या राहिल्या, आणि कुठेही न जाता घरी परत आल्या. शेवटी ड्रायव्हरच गाडी थांबवून विचारू लागला, “टीचर, आज मी पास का?”

मी देशावरचा माणूस. आमच्याकडे पाणी आलं नाही, वीज गेली, रस्ता खचला, तरी ‘चालायचंच’ म्हणून पुढे जायची रीत आहे. टीचरांसमोर हा शब्द मी एकदाच उच्चारला. त्यांनी मला नखशिखांत न्याहाळलं आणि म्हणाल्या, “तुम्ही चालायचंच म्हणता, म्हणून ते तुम्हाला रांगायला लावतात.” त्यानंतर मी तो शब्द फक्त वरच्या मजल्यावर वापरतो, तोही दार लावून.

आता इंटरनेटची गोष्ट. टीचरांना इंटरनेट हवं होतं ते एका कामासाठी. त्यांची थोरली बहीण, जिला त्या ‘बाय’ म्हणतात, मुलाकडे कॅनडात असते. तोच तो ‘कॅनडा’. या दोघी बहिणी लहानपणापासून घरातल्या आल्तारासमोर, म्हणजे देव्हाऱ्यासमोर, बसून रोज संध्याकाळी रोझरी म्हणत आल्या. एकीने ‘नमो मरिया’ म्हणून अर्धी प्रार्थना म्हणायची, दुसरीने ‘पवित्र मरिये’ म्हणून उरलेली अर्धी पुरी करायची, आणि माळेतला मणी पुढे सरकवायचा. बाय परदेशी गेली तरी माळ तुटली नाही. आपल्याकडे दिवेलागण होते तेव्हा तिकडे सकाळ असते. टीचर टॅब आल्ताराच्या कडेला पुस्तकांच्या आधाराने उभा करतात आणि अर्धी प्रार्थना समुद्रापार पाठवतात. उरलेली अर्धी तिकडून येते, म्हणजे यायला हवी.

ती येत नसे. आधी पडद्यावरची बाय तोंड उघडं ठेवून गोठायची. टीचर तिची वाट पाहून पुढची प्रार्थना सुरू करायच्या, तेवढ्यात मागचं उत्तर यायचं, आणि दोघी एकमेकींच्या बोलण्यावर बोलायच्या. कधी बराच वेळ काहीच नाही आणि मग तीन ‘पवित्र मरिये’ एका दमात, जणू बाय मागून धावत आली. मणी कुठला हे कोणालाच कळेना. टीचर पुन्हा पहिल्यापासून सुरू करायच्या. ऑक्टोबर हा रोझरीचा खास महिना, तेव्हा शेजारच्या बायकाही येऊन बसतात, त्यांचा चुलीवरचा भात करपायची वेळ यायची. मी म्हटलं, “टीचर, दोघींनी आपापली पूर्ण म्हटली तर?” त्या म्हणाल्या, “मग ती रोझरी कसली? दोन म्हाताऱ्या दोन घरांत एकेकट्या पुटपुटत बसल्या, एवढंच. तिचं उत्तर माझ्या हाकेला यायला पाहिजे. आई गेली त्या रात्रीसुद्धा ते वेळेवर आलं होतं.”

हे शेवटचं वाक्य त्यांनी अगदी साध्या आवाजात म्हटलं. पण त्यानंतर ‘चालायचंच’ हा शब्द मला वरच्या मजल्यावरही वापरवेना.

कंपनीला फोन करणं सुरू झालं. ‘आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’ असं रेकॉर्ड केलेला आवाज म्हणाला की टीचर त्याला म्हणत, “मग उचल.” आणि स्टॉपवॉच सुरू करत. फोनवर येणाऱ्या मुलींना मात्र त्या कधी टाकून बोलल्या नाहीत. पहिल्या आठवड्यात त्यांनी त्यांची गावं विचारली, दुसऱ्या आठवड्यात “जेवलीस का गं?” इथपर्यंत मजल गेली. त्या मुली मोडेम बंद करून चालू करायला सांगत, टीचर तो बंद करून चालू करत, आणि बाय होती तिथेच गोठून राही. मी म्हटलं, “जरा रागवा की त्यांच्यावर.” तर म्हणाल्या, “शर्यत उशिरा सुरू झाली तर धावणाऱ्या पोरींना बोलायचं नसतं, भाडेकरू. शिट्टी कोणाच्या हातात आहे ते बघायचं. या कंपन्यांसाठी शिट्टी कोण वाजवतं?”

मी बेसावधपणे सांगून गेलो की दिल्लीत एक नियामक प्राधिकरण असतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. त्याच संध्याकाळी लॅपटॉपसह खाली हजर होण्याचा हुकूम निघाला. टीचर खुर्चीत ताठ बसून सांगू लागल्या आणि मी टाइप करू लागलो: ‘माझ्या बहिणीचे उत्तर दररोज किमान एक नमो मरिया उशिरा येते.’ मी थांबलो. म्हटलं, “टीचर, तिथे मोठे अधिकारी असतात. त्यांना स्पीड मेगाबिटमध्ये कळतो.” त्या म्हणाल्या, “मेगाबिट मी पाहिलेला नाही. न पाहिलेल्या गोष्टीबद्दल सरकारला खोटं कसं लिहू? नमो मरिया किती लांब असते ते मला ठाऊक आहे. त्यांना ठाऊक नसेल तर त्यांनी विचारावं.” एवढं म्हणून त्यांनी सबंध नमो मरिया म्हणून दाखवली, स्टॉपवॉच दाबलं, आणि आलेले सेकंद तळटीप म्हणून घालायला लावले.

दिल्लीहून उत्तर आलं. प्राधिकरण ग्राहकांच्या वैयक्तिक तक्रारींचा निवाडा करत नाही. आधी कंपनीकडे तक्रार नोंदवावी, तिथे समाधान न झाल्यास कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे जावं, असा नियम आहे. मला वाटलं, संपलं. टीचर कागद वाचून खूश झाल्या. “बघा, सांगत होते ना, शिट्टी यांच्याकडेच आहे. मैदानाची आखणी यांनी करून ठेवलीय. आता फक्त आखलेल्या रेषेतून धावायचं.” मी शपथेवर सांगतो, सरकारी नकाराचं पत्र वाचून एवढी आनंदलेली व्यक्ती मी दुसरी पाहिली नाही.

मग त्या रेषेतून धावल्या. रीतसर तक्रार केली. दुसऱ्याच दिवशी मोबाइलवर मेसेज आला की आपल्या तक्रारीचं निवारण झालं आहे, धन्यवाद. घरी कोणी आलं नव्हतं, तारेला कोणी हात लावला नव्हता. टीचरांनी फोन लावला आणि शांतपणे सांगितलं, “मी फिनिश लाइनवर उभी आहे. मला तर कोणी आलेलं दिसलं नाही.” मग अपील केलं, त्यासोबत दिल्लीच्या पत्राची प्रत जोडली, आणि कंपनीला जाग आली.

विरारहून एक साहेब आले. तिशीतले, पाठीवर बॅग, स्वभावाने गरीब. भर दुपारी त्यांनी मोडेमजवळ मोबाइल धरला आणि आकडा दाखवला. “मॅडम, स्पीड फुल येतोय.” टीचर म्हणाल्या, “दुपारी बारा वाजता मैदान रिकामंच असतं. तेव्हा कोणीही पहिला येतो. संध्याकाळी रोझरीला या.” साहेब माझ्याकडे बघू लागले. मी आभाळाकडे बघितलं.

ते खरंच आले. बूट काढून चटईवर बसले. शेजारणींनी त्यांना भिंतीकडची जागा दिली. टीचरांनी क्रूसाची खूण केली आणि ‘नमो मरिया’ सुरू केली. पडद्यावर बाय गोठली. टीचर थांबल्या, मग पुढे गेल्या, आणि मागचं उत्तर येऊन त्यांच्या शब्दांवर आदळलं. साहेबांनी मोबाइल खिशात ठेवला. ते नुसते ऐकत राहिले. पाचव्या-सहाव्या मण्याला हळूच म्हणाले, “आमच्या घरी भजन असतं. टाळ मागे पडला की असंच होतं. मग गाणाऱ्याला पुढे जाता येत नाही.” टीचर रोझरीमध्ये कधी बोलत नाहीत. तेव्हा मात्र वळून म्हणाल्या, “बरोबर. लिहून घ्या.”

दुसऱ्या दिवशी साहेबांनी आमच्या गल्लीतली तार शोधत नेली, ती सापडली एका चिकूच्या झाडात. तिथे जोड दुधाच्या पिशवीत गुंडाळून सुतळीने बांधलेला होता, आणि त्या एका तारेवर अख्खी गल्ली लटकलेली होती. सगळी घरं संध्याकाळी एकदम टीव्हीसमोर बसायची, आणि बायचा आवाज त्या गर्दीत अडकायचा. थोड्या दिवसांत खांबांवरून नवी लाइन आली. टीचरांमुळे सगळ्या गल्लीचं भलं झालं. कोणाची दुबईतली मुलगी स्पष्ट दिसू लागली, कोणाचा बोटीवरचा जावई. माझ्या ऑफिसच्या मीटिंगांमधला माझा चेहरा गोठेनासा झाला, हा एक तोटा. पण मी ऑफिसात सगळ्यांना फुशारकीने सांगितलं की आमच्या घरमालकीणबाईंनी एका नमो मरियावर कंपनीला वठणीवर आणलं. त्या माझ्या कोणी लागत नाहीत, तरी मला फार अभिमान वाटला, आणि अजून वाटतो.

नव्या लाइनच्या पहिल्या संध्याकाळी गल्ली जमली. टीचरांनी ठेवणीतली साडी नेसली होती. टॅबवर बाय अशी दिसत होती की तिच्या मागच्या खिडकीतलं झाडसुद्धा पानापानाने ओळखू यावं. टीचरांनी स्टॉपवॉच हातात घेतलं, अर्धी प्रार्थना म्हटली, आणि बटण दाबलं.

उत्तर आलं नाही.

आम्ही सगळे मोडेमकडे बघू लागलो. दिवे हिरवेगार होते. पडद्यावर बाय गोठलेली नव्हती. तिच्या पापण्या हलत होत्या, बोटं मण्यावर फिरत होती, ओठ जुळत होते आणि सुटत होते. तेवढ्यात मागून भाच्याचा आवाज लख्ख आला, “मावशी, लाइन एकदम क्लिअर आहे. मम्मीला हल्ली शब्द आठवायला जरा वेळ लागतो. डॉक्टर म्हणाले, होणार असं. तुला कळलं नव्हतं का?”

कसं कळणार? इतके महिने सगळा दोष तारेवर होता.

टीचर बहिणीकडे बघत राहिल्या. स्टॉपवॉच हातात चालूच होतं. मग बायला शब्द सापडले. ‘पवित्र मरिये’ म्हणून तिने आपली अर्धी बाजू हळूहळू, एकही शब्द न गाळता पुरी केली आणि शाबासकी मिळालेल्या मुलीसारखी हसली. टीचरांनी स्टॉपवॉच बंद केलं, किती झाले ते न बघताच गळ्यातून काढलं, आणि आल्ताराच्या मागे ठेवलं. मग दुसरी नमो मरिया म्हटली, पहिलीपेक्षा सावकाश, आणि थांबल्या. त्या संध्याकाळी रोझरी फार लांबली. पण भाताची आठवण काढून कोणीही उठलं नाही.

सकाळी मी घाबरत विचारलं, “टीचर, कंपनीला काही कळवायचं का?” त्या अबोलीला पाणी घालत होत्या. “कळवा. लाइन वेळेवर आहे म्हणून लिहा, आणि त्या विरारच्या मुलाचे आभार माना.” मग झाडाकडेच बघत म्हणाल्या, “ती माझ्याहून मोठी आहे. शाळेत जाताना ती पुढे चालायची आणि माझ्यासाठी वळणावर थांबायची. आता मी थांबते.”

स्टॉपवॉच पुन्हा गळ्यात आलं आहे. पाववाला अजून सायकल पळवतो, फादर अजून घाबरतात. फक्त संध्याकाळी तेवढा वेळ ते आल्ताराच्या मागे असतं. मी वर काम करत बसलेला असतो आणि खालून टीचरांचा आवाज येतो, मग शांतता पसरते, कधी थोडी, कधी पुष्कळ. त्या शांततेत माझे हातही कीबोर्डवर थांबतात. एव्हाना पुढची अर्धी प्रार्थना मला पाठ झाली आहे. ओठांवरही येते. पण मी ती म्हणत नाही. ती तिकडूनच यायला पाहिजे.