जांभळ्या पानांचा माळी

जांभळ्या पानांचं झाड म्हटल्यावर तुम्हाला वाटलं असेल, आता त्याच्या सावलीत कुणी पोरगी येणार. पोरगी नाही, एक म्हातारा माळी आहे, आणि त्याची नोकरी मी घालवली.

साठ सालाच्या आसपास बेंगळुरात मी एका साहेबांच्या बंगल्यावर टायपिस्ट होतो. त्यांनी विलायतेहून एल्मचं रोप आणलेलं. नवी पालवी जांभळी फुटायची, पुढं हिरवी व्हायची. साहेबांना संशय, माळी रोप बदलतो. तो एकेक पान ओल्या फडक्यानं पुसत मला धाकट्या भावासारखं कानडी मिसळून म्हणायचा, "स्वल्प थांब, तम्मा. पान जून झालं की रंग जातो. साहेबांना कोण सांगणार?"

एकदा कुंपणाआडून मी हुबेहूब साहेबांसारखा खाकरलो आणि त्यांच्याच आवाजात म्हणालो, "रोप बदललंस, चोरा. उद्यापासून येऊ नकोस."

मला वाटलं, ओळखेल, हसेल. त्यानं वळूनही पाहिलं नाही. कात्री धोतराला पुसून कुंडीपाशी ठेवली आणि गेला. हसू आवरून मी फाटकाशी आलो, तोवर तो दिसेनासा झालेला. हाक मारायला नावही ठाऊक नव्हतं.

महिन्याभरात रोप वाळलं, तेव्हा मी कबुली दिली. साहेब कडाडले, "गाढवा, माळी काय, दुसरा मिळेल. असलं झाड कुठून आणू?"