शेकडा सतरा

समस्त वऱ्हाडाने कामधंदा थांबवून ऐकावी अशी बाब आहे: अकोल्याच्या कापूस बाजारातल्या एका दलालाला दोन आकडे दिसले, की त्यांतली शेकडा वाढ काढल्यावाचून घास गिळवत नसे.

सौदा करताना दलाल उपरण्याखाली बोटं दाबून भाव सांगतात. हा गृहस्थ एकटा असतानाही उपरण्याखाली पेरं मोजत बसे. "वाढ किती झाली थे पाहा. तिले जुन्या आकड्यानं भागा अन् शंभरानं गुणा," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला शिकवी. जेवताना एकदा मला म्हणाला, "भाऊ, वरणात मीठ कालच्यापेक्षा शेकडा वीस जास्त हाये."

अमेरिकेतल्या लढाईनं कापूस खंडीला दोनशे रुपयांवरून तीनशेवर नेला, तेव्हा अंजनगावकडची एक शेतकरीण गाडी भरून आली. पावसाआधी तिला विहीर बांधून काढायची होती, नाहीतर खणलेलं सगळं ढासळलं असतं.

"शेकडा पन्नास चढला, माय. थांब, अजून चढते," यानं सांगितलं. स्वतःचा कापूसही त्यानं तसाच ठेवला. बाईनं भरली गाडी घरी वळवली.

लढाई संपली. भाव पुन्हा दोनशेवर आला आणि बाई गाडी घेऊन परत आली.

उपरणं हललं. त्याचा चेहरा उजळला. "घाबरू नको, माय! चढला पन्नास, उतरला फक्त तेहतीस. आपला अजून शेकडा सतरा फायदाच हाये!"

चढ दोनशेवर मोजलेला, उतार तीनशेवर. दोन्ही भागाकार बिनचूक. भोवतीच्या दलालांनी माना डोलावल्या. बाईनं गाडीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि भर बाजारात ओरडली, "दोनशे व्हते, दोनशेच झाले! मंग थे सतरा कोनाच्या घरी गेले रे बाप्पा?"