मोबाइलमधले भास्करभाऊ

भास्करभाऊ गेल्याचा फोन आला, तेव्हा मी त्यांचंच चित्र फ्रेमवाल्याकडे घेऊन निघालो होतो. दीड महिना झाला, चित्र अजून पिशवीतच आहे. भिंतीवर लावायला माझं मन धजत नाही.

ते जमीन मोजणीच्या नोकरीतून निवृत्त झालेले, मी शाळेतून. वडनेर भोलजीतले दोन रिकामे म्हातारे, दर रविवारी सकाळी गावाबाहेरच्या चिंचेसमोर स्टूल टाकून बसायचो. शिकवायचे ते. हात लांब करून पेन्सिल उभी धरायची, एक डोळा मिटायचा आणि खोडाची उंची पेन्सिलीवर मोजायची. मी मात्र तीस वर्षं फळ्यावर एकच झाड काढलेला मास्तर... कागदाकडेच बघत रंगवत सुटायचो. "गुरुजी, चिच तिकडे आहे," ते हसायचे. "पाहा न आधी. मंग काढा."

हिवाळ्यात एकदा म्हणाले, "आता झाड पुरे. मले काढा. समोर बसतो."

"दोन तास कशाला अवघडून बसता? फोटोवरून काढतो घरी," असं म्हणून मी मोबाइलमध्ये फोटो शोधत बसलो. ते काहीतरी बोलणार होते... मग आपल्या वहीत चितारत बसले.

फोटो मागच्या वर्षीच्या एका लग्नातला सापडला. पुढच्या रविवारी मी ऐटीत चित्र दाखवलं. त्यांनी ते बराच वेळ पाहिलं. "रंग मस्त लावला. पन हा त मागच्या सालचा मी व्हय, गुरुजी." मी विनोद समजून हसलो. समोर त्यांचे गाल बसलेले, गळ्याची हाडं वर आलेली, सदरा खांद्यावरून ओघळलेला, आणि मला हाताच्या अंतरावरून काही दिसलं नाही. लाज वाटते. दर रविवारी पाहायला शिकत होतो म्हणे!

तेराव्यानंतर वहिनींनी त्यांची वही माझ्या हातात ठेवली. "दुखनं तुमाले सांगाचं होतं त्याइले. पन तोंडातून निंगे ना. म्हनत, गुरुजी चित्र काढाले समोर बसले की त्याइच्याच ध्यानात येईन."

वहीच्या शेवटच्या पानावर मी आहे. सदऱ्याचं तुटलेलं बटण, चष्म्याची दोरी, पायाशी पाण्याचा मग, सगळं मोजूनमापून काढलेलं. डोळे तेवढे नाहीत. मान मोबाइलमध्ये खुपसलेली, ते त्यांना दिसणार कुठून?