बरणीतला आवाज

"चहाच आहे गं, औषध थोडंच आहे?" असं म्हणत काकू कप पुढे सरकवायच्या, आणि आपण पहिला घोट घेईपर्यंत कपाच्या कानावरचं बोट काही काढायच्या नाहीत. पळून जायची सोयच नसायची. घोट घेतला की भुवया उंचावून बघत राहायच्या. घशात मिरी, नाकात तुळस आणि जिभेवर काहीतरी गोडसर रेंगाळत असताना माणूस "छान" याखेरीज दुसरं काय म्हणणार?

ठाण्यात वर्तकनगरला आमची दारं समोरासमोर. काकूंनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून नोकरी केलेली. आपण "होल्ड करा" म्हटलं की लोक आनंदाने ताटकळत, असं त्या सांगायच्या, आणि त्यांचा आवाज ऐकलेल्या माणसाला ते पटायचंही. निवृत्त झाल्यावर त्यांनी कॉलनीचं महिला भजनी मंडळ हातात घेतलं आणि आम्हा बायकांना, त्यांच्याच शब्दांत, माणसांत आणलं. मी मागच्या रांगेतली. माझ्याकडे टाळ आहेत आणि जोरात गाऊ नकोस अशी कायमची सूचना आहे.

त्यांच्या ओट्यावर चिनी मातीची एक बरणी असायची. सुरुवातीला म्हणे तिच्यात फक्त सुंठ आणि मिरी होती. मग ज्याने जे सुचवलं ते तिच्यात गेलं. खोकल्याची साथ आली तेव्हा अडुळसा आणि तुळस, व्हॉट्सअ‍ॅपवर गुळवेल आली तेव्हा गुळवेल, नणंदेने आणून दिली म्हणून अश्वगंधा, आणि दालचिनी का ते कुणालाच आठवत नव्हतं. तुमच्याही शेजारात अशी एखादी बरणी असेल. तिच्यात भर पडते, तिच्यातून काही बाहेर काढलेलं मात्र कुणी पाहिलेलं नसतं.

या सगळ्यांवर राज्य होतं ज्येष्ठमधाचं. ते मापाने नाही, मुठीने पडायचं. "बाकीचं सगळं शरीरासाठी," काकू सांगायच्या, "ज्येष्ठमध माझ्या आवाजासाठी." तालमीला बसताना त्याची काडीही गालात असायची. आवाज आपल्या गळ्यात नसून त्या बरणीत आहे आणि आपण रोज तो कपातून पोटात घेतो, असाच त्यांचा विश्वास होता.

त्या वर्षी डोंबिवलीच्या भजन स्पर्धेत आमचं मंडळ अंतिम फेरीत गेलं. शेवटची भैरवी अर्थातच काकूंची. ती गाण्यासाठी त्या किती वर्षं थांबल्या होत्या हे आम्हाला माहीत होतं, कारण त्या ते रोज सांगत. आणि नेमका तेव्हाच त्यांचा रक्तदाब चढायला लागला. पावलं सुजली, चपलेचा पट्टा लागेना, बोटातली अंगठी सोनाराकडून कापून घ्यावी लागली. त्याहून वाईट म्हणजे आलापात मध्येच दम तुटायला लागला. सूर लावायच्या, तो थोडा जायचा आणि खाली बसायचा. काकू आमच्याकडे न बघता पेटीच्या पट्ट्यांकडे बघत राहायच्या.

डॉक्टरांनी गोळी वाढवली, मग दुसरी जोडली. दर वेळी ते विचारायचे, "आणखी काही घेता का?" दर वेळी काकू ठामपणे म्हणायच्या, "काही नाही." शेवटी डॉक्टरांनी सांगून टाकलं की दाब असाच राहिला तर स्टेजवर बसायचं नाही, आणि जोर लावून गाणं तर नाहीच.

घरी येऊन काकूंनी चहाचा एक कप वाढवला.

मग सुजेवर पुनर्नवा चांगली असं त्यांना कुणीतरी सांगितलं. बरणीत जागा होतीच. मला सोबत घेऊन त्या कल्याणला एका वैद्यबाईंकडे गेल्या. वैद्यबाई माझ्याहून लहान, हळू बोलणाऱ्या, आणि हळू बोलणाऱ्या माणसांचं काकूंना पहिल्यापासून वावडं.

"पुनर्नवा हवी आहे. चहात घालायला."

"चहात आधी काय काय आहे?"

काकूंनी साथीदारांची ओळख करून द्यावी तशी सगळी नावं सुरात सांगितली. वैद्यबाई ऐकत होत्या. ज्येष्ठमधाशी आल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं.

"ते किती घालता?"

काकूंनी मूठ दाखवली.

"रोज?"

"रोज म्हणजे काय, दर वेळी. शिवाय काडी चघळते. स्पर्धेचं ठरल्यापासून जरा जास्तच. गळ्याला बरं असतं ना."

"बरं असतंच," वैद्यबाई म्हणाल्या. "थोडं घ्यावं, थोडेच दिवस घ्यावं, आणि दाब असलेल्यांनी तर विचारल्याशिवाय घेऊच नये. एवढं रोज पोटात गेलं की अंगात पाणी साठतं, दाब चढतो, रक्तातलं पोटॅशियम उतरतं, हातापायांतली ताकद जाते. तिकडे डॉक्टर गोळी वाढवतायत आणि इकडे तुम्ही कप वाढवताय."

"अहो, पण चहाच आहे तो."

"चहा म्हणता म्हणून पोटाला तो चहा वाटत नाही, काकू. पुनर्नवा मी देणार नाही. तुमच्या बरणीत घालायला माझ्याकडे काही नाही, काढायला सांगायचं आहे."

मग त्यांनी शांतपणे एकेक गोष्ट सांगितली. आजपासून बरणी बंद. दाबाच्या गोळ्यांना हात लावायचा नाही. उद्याच डॉक्टरांकडे जाऊन बरणीतली सगळी नावं सांगायची आणि रक्त तपासून घ्यायचं. पुढे सगळं ताळ्यावर आलं आणि एखादी वनस्पती घ्यावीशी वाटलीच, तर डॉक्टरांना आणि त्यांना विचारून, एका वेळी एकच. "एवढी गर्दी असली की त्रास कुणी दिला ते कळत नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही मूठ दाखवलीत म्हणून, नाहीतर मलाही चोर सापडला नसता."

काकूंनी फक्त एकच विचारलं. "आणि माझा आवाज गेला तर?"

"ते मला आत्ता सांगता येणार नाही."

परतीच्या वाटेवर काकूंनी पर्समधून ज्येष्ठमधाची काडी काढली आणि हातात फिरवून परत आत ठेवली. मला त्यांची काळजी वाटली, आणि खरं सांगायचं तर त्या वैद्यबाईंचा थोडा रागही आला. खोटं का होईना, धीराचं एखादं वाक्य बोलायला काय हरकत होती?

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांसमोर नावांची तीच माळ म्हटली गेली. डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. "मी दर वेळी विचारत होतो, काकू."

"तुम्ही औषधं विचारत होतात," काकू म्हणाल्या. डॉक्टरांनी तपासणीची चिठ्ठी लिहिली. रक्तात पोटॅशियम खरोखरच उतरलेलं निघालं. उपचार बदलले.

त्या संध्याकाळी काकूंनी बरणी माझ्या ओट्यावर आणून ठेवली. "मी मागितली तरी देऊ नकोस." आणि मग रीतसर मागायला यायच्या. आधी म्हणाल्या, नुसता वास घेते. मग म्हणाल्या, तू करतेस त्या चहात बघते कसं लागतं. एकदा तर, "पाहुणे आलेत गं," म्हणून आल्या. मी डोकावून बघितलं, घरात फक्त टीव्ही होता. मी नुसता आल्याचा चहा पुढे केला आणि कपाच्या कानावर बोट ठेवून उभी राहिले.

हळूहळू पावलांची सूज उतरली. चपलेचा पट्टा लागला. डॉक्टरांनी दाब बघितला, पुन्हा बघितला, आणि बेताने गायला हरकत नाही म्हणाले. आता न गाण्याला कारण उरलं नव्हतं, आणि काकू त्यालाच घाबरल्या होत्या. तालमीला आल्या, पेटी पुढे ओढली, आणि नुसत्या बसून राहिल्या. गाल रिकामा होता.

पखवाजावर आमच्याकडे बाळकुमची एक बाई असते. शेतं गेली, तिथे टॉवर आले, पण हातातला ठेका मात्र तिने कुणाला विकला नाही. तिने पखवाजावर थाप दिली आणि म्हणाली, "गाऊन त बग गो. गेला त गेला."

काकूंनी डोळे मिटले आणि सूर लावला. तो वर गेला, तिथे थांबला, आणि खाली बसला नाही. आम्ही टाळ हातात धरून बघतच राहिलो. काकूंनाच शेवटी तो सोडावा लागला, कारण त्यांना रडू फुटलं.

"मोकला झाला गो आवाज तुजा," पखवाजवाली म्हणाली.

डोंबिवलीला काकू शेवटी स्टेजवर बसल्या. भैरवीच्या अखेरच्या सुराला त्यांनी हात वर केला, आणि शपथेवर सांगते, मला वाटलं की आता म्हणणार, होल्ड करा. सगळं सभागृह थांबलं. मागून खुर्चीचाही आवाज आला नाही. सूर संपल्यावर टाळ्या काही थांबवेनात. पहिला क्रमांक आमचा आला. करंडक घेऊन काकू तिथल्या तिथे गोल फिरल्या, म्हणजे सगळ्यांना सगळ्या बाजूंनी दिसावा.

आता संध्याकाळी त्यांच्या दाराला बहुधा कुलूप असतं. आज बाळकुम, उद्या शहाड, गावोगावच्या मंडळांना शिकवत हिंडतात. घरी सापडल्याच तर आल्याचा चहा मिळतो. त्यातही कुणी कसली पूड घालायची म्हटलं, तर आधी, "गोळ्या कुठल्या चालू आहेत ते सांग," अशी चौकशी होते. बरणी अजून माझ्याकडे आहे. मी तिच्यात मीठ ठेवते.

परवा शहाडला मीही गेलेले, टाळ धरायला. शिकवणी संपल्यावर एका नव्या बाईने विचारलं, "काकू, एवढ्या आवाजासाठी तुम्ही काय घेता हो?"

मी कान टवकारले. एके काळी या प्रश्नाला बरणी तळापर्यंत रिकामी झाली असती.

"श्वास," काकू म्हणाल्या. "सरळ बस. तूही घे."