धूर पुढच्या गावाला

भट्टीची राख रोज काढली नाही तर आत हवा अडते. पोटातल्या गोष्टींचंही तसंच असावं. हुबळीच्या कमरीपेठेत बिडाच्या भट्टीवर मी सगळं आयुष्य काढलं. भंगार लोखंड वितळवायचं, साच्यात ओतायचं, पंपाचे भाग करायचे. जुनी मंडळी जमली की म्हणतात, "मामा, भट्टीचं काहीतरी सांगा की!" मी सांगतो. ते हसतात. मीही हसतो, पण खाली बघून.

*

नव्वदनंतरची गोष्ट. धुराच्या तक्रारी वाढल्या आणि तपासायला एक साहेब आले. ते येणार हे आम्हाला आदल्या दिवशीच कळलेलं! मालक दत्ताअण्णांनी भट्टी पेटवूच दिली नाही. साहेबांनी धुरांड्याकडं मान वर करून बघितलं आणि मला विचारलं, "धूर कुठाय?"

"साहेब, आज सोमवार. भट्टीचा उपास!"

साहेबसुद्धा हसले. सही करून गेले. मंगळवारी आम्ही दोन दिवसांचं काम एका दिवसात काढलं, आणि धूरही.

*

पुढं नियम कडक झाला. शहरात भट्टी ठेवायची तर धुरांड्यावर धूळ अडवायचं मशीन बसवा! मशीन महाग. अळणावरकडच्या खेड्यात मात्र कुणी विचारणारं नव्हतं. तिथल्याच एका गावात माझी थोरली अक्का दिलेली. दत्ताअण्णा म्हणाले, "तुझं ऐकतील. तू जा, जागेची बोलणी कर."

देवळापुढं गाव जमलं. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "धूर किती होईल?"

मी खिशातली बिडी काढली, पेटवली, एक झुरका सोडला. "इतका!"

सगळे हसले. तरी कुणी पुढं होईना. तेव्हा बायकांतनं अक्का उठली. "माझा तम्मा खोटं बोलायचा नाही. आधी माझं रान घ्या." तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. तिच्या घराला लागून असलेल्या रानातच भट्टी उभी राहिली.

*

हुबळीतनं भट्टी गेल्यावर तिथल्या देशपांडे नगरातल्या एक डॉक्टरीणबाई बाजारात भेटल्या. तक्रारीवर पहिली सही त्यांचीच होती. मी चुकवून निघालो होतो, त्यांनीच हाक मारली.

"मामा, वाळत घातलेले कपडे आता पांढरे राहतात हो! धूर बंद केलात, फार पुण्याचं काम केलंत."

पिशवीतनं त्यांनी पेढ्यांचा पुडा काढून पुढं केला. बाई, धूर बंद नाही झाला, माझ्या अक्काकडं राहायला गेलाय, असं सांगायचं होतं. तोंडात पेढा होता. तो गिळेपर्यंत त्यांनी दुसरा हातावर ठेवला. तोही खाल्ला!

*

दोन हजारनंतर कामं एकदम वाढली. तीन पाळ्या. परदेशातलं एक गिऱ्हाईक भट्टी बघायला आलं, बरोबर दुभाषी म्हणून रायापूरचा एक इंजिनिअर. मी विचारलं, "यांच्याकडं भट्ट्या नाहीत का?"

इंजिनिअरनं समजावलं. त्यांच्या देशात आता धुरातल्या न दिसणाऱ्या वायूचंही माप धरतात. प्रत्येक कारखान्याला तो सोडायच्या परवानगीच्या ठरावीक चिठ्ठ्या. जास्त सोडला तर दुसऱ्याकडनं चिठ्ठ्या विकत घ्या. म्हणून यांनी स्वतःची भट्टी बंद केली आणि ओतकाम आपल्याकडं दिलं.

"मग त्यांचं सरकार गप्प?"

"नाही ना! कारखाने असे बाहेर पळू नयेत, म्हणून जे पळतील असं भय वाटतं त्यांना काही चिठ्ठ्या फुकट देतात. बाहेरनं येणाऱ्या मालावर धुराची जकात बसवा, असंही काहीजण म्हणतात."

दत्ताअण्णा हळहळले. "फुकट? आपणही हुबळीत नुसतं 'निघालो' म्हणायला पाहिजे होतं!"

पाहुणा खूश होऊन सांगत होता, त्यांच्या कारखान्याचा धूर एका वर्षात साफ गेला. मी म्हटलं, "त्यांना विचारा, तो गेला कुठं?"

इंजिनिअर माझ्याकडं बघत राहिला. "मामा, हे नको विचारायला. ऑर्डर मोठी आहे."

मी नाही विचारलं.

*

अक्काकडं जेवायला गेलो की ती आधी पाट पुसायची, मग ताट पुसायची, मग पुन्हा पाट. फडकं काळं व्हायचं. एकदा जेवताना तिला खोकल्याची उबळ आली, ती थांबेना. शेजारीण दारातनंच म्हणाली, "आलाय का गं तुझा खरं बोलणारा भाऊ?"

अक्का खोकतच उठली आणि तिनं शेजारणीलाच झापलं. "चुलीचा धूर लागतोय मला! लाकडं ओली आहेत."

चूल कधीच विझलेली होती. मी मान खाली घालून भात कालवत राहिलो.

*

शेवटी गावही जागं झालं. पंचायतीनं सांगितलं, मशीन बसवा नाहीतर उठा. दत्ताअण्णांनी उठायचं ठरवलं. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! पहिल्या बसनं अक्काकडं गेलो. ती ओट्यावर तांदूळ पाखडत बसली होती.

"अक्का, भट्टी जाणार! पुढच्या महिन्यात काढतोय!"

तिनं सूप मांडीवर ठेवलं. "कुठं नेताय?"

"लांब. पार जंगलाच्या बाजूला. तुला वाससुद्धा यायचा नाही."

"तिथं गाव हाय का?"

"हाय की. लहानसं हाय."

तांदळातला एक खडा वेचून तिनं बाजूला टाकला, आणि माझ्याकडं न बघता विचारलं,

"तम्मा, तिथं बोलणी करायला कुणाच्या भावाला पाठवलंय?"