बंड्या आठवड्यात पौंडभर वाढला

आमचा बंड्या एका आठवड्यात पौंडभर वाढला, आणि त्याचं श्रेय मी घेतलं.

बंड्या म्हणजे माझ्या दादाचा मुलगा. वय सात महिने, अंगकाठी शेवग्याच्या शेंगेची. रत्नागिरीच्या म्युन्सिपालटीच्या दवाखान्यात दर मंगळवारी पोरांची वजनं व्हायची, आणि आमचे घरचेच डॉक्टर तिथे फुकट बसायचे. त्यांनी वहिनीला बजावलं होतं, पुढच्या मंगळवारी अर्धा पौंड वाढला तरच याला घेऊन गुहागरला जायचं. तिथे वहिनीच्या पाठच्या बहिणीचं लग्न! वहिनीच्या डोळ्यांना धार लागली, तसा मी पुढे झालो. बंड्याला नाचणीचं सत्त्व भरवायचं काम माझं. (एक चमचा त्याला, एक मला. गरम आहे का बघायला नको?)

मंगळवारी वहिनी, बंड्या, मी आणि या खेपेला माझी आत्याही, अशी वरात निघाली. नर्सबाईंनी बंड्याला दुपट्यासकट काट्यात ठेवलं, दुपट्याचं वजन वजा केलं आणि चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. एक पौंड जास्त! वहिनी आता आनंदाने रडायला लागली. आत्याने मात्र घरी जायची घाई लावली. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

पण समोर आयांची ही रांग, आणि डॉक्टर हात धुवायला आत गेलेले! मी बंड्याला उचललं आणि नाकातून, थेट डॉक्टरांच्या सुरात सुरू झालो. "बायांनो, नाचणी. दिवसातून तीनदा. आणि भरवणारा हुशार हवा." बायका पदराआड हसायला लागल्या. मला वाटलं, नक्कल जमली. मागे डॉक्टर उभे होते.

"चालू दे," ते म्हणाले. "मूल कसं धरायचं तेही दाखव."

मी बंड्याला झोकात वर उचललं. दुपट्याच्या घडीतून काहीतरी सटकलं आणि माझ्या पायाच्या अंगठ्यावर पडलं. मी ओरडलो तो मात्र माझ्याच आवाजात.

खाली आत्याचा लोखंडी अडकित्ता पडला होता. डॉक्टरांनी तो उचलला.

"हा पान कधीपासून खातो?"

"लोखंड जवळ असलं की दृष्ट लागत नाही," आत्या म्हणाली. "चारचौघींत पोराला भाजीसारखं तोलता, मग मी काय करू?"

बंड्या पुन्हा काट्यात. वहिनीने डोळे मिटून घेतले. काटा डुलला, मागे आला आणि बरोबर अर्धा पौंड वाढ दाखवून थांबला.

"जा गुहागरला," डॉक्टर म्हणाले. "अडकित्ता घरी ठेवून."

"म्हणजे माझं सत्त्व लागू पडलं," मी लंगडत म्हणालो.

डॉक्टरांनी माझ्या सदऱ्याच्या ताणलेल्या गुंड्यांकडे पाहिलं. "पडलंय खरं. पण तेवढा मोठा काटा आमच्याकडे नाही."

लग्नात मी एकाच पायात वहाण घालून मिरवलो. जो तो विचारी, काय झालं? मी खरं तेच सांगितलं. आमच्या बंड्याचं वजन पौंडभर वाढलं होतं, त्यातलं अर्धं माझ्या पायावर पडलं.